वर्लीनची पट्टी

ग्रीनव्हिलच्या नेल्सन स्ट्रीटवर वर्लीन गेन्सला दोन गोष्टींचा भारी तोरा होता. एक तिच्या हातचा तळलेला मासा, दुसरी तिच्या गाण्याची पट्टी. "एकोणिसाव्या वर्षी जी पट्टीत गायला लागले, आज अडुसष्टाव्या वर्षीही जीमध्येच गाते," हे ती कुणी न विचारता सांगायची. जी पियानोवर नेमका कुठे असतो, हे मात्र तिला दाखवता आलं नसतं.

लहानपण मिसिसिपीच्या कापसात गेलं. पोरगी चर्चची भजनं सोडून क्लबात ब्लूज गाते म्हणून आईने दोन वर्षं अबोला धरला आणि एका शनिवारी क्लबच्या खिडकीबाहेर उभी राहून सगळं गाणं ऐकून गेली. नवरे दोन झाले. दोघांनाही बायको शनिवारी घरात हवी होती, म्हणून दोघेही टिकले नाहीत. तीस वर्षं वर्लीनने शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचा पाव भाजला आणि दर शनिवारी ती गायली. पियानोवर कायम ओथा प्रुइट, अगदी मितभाषी माणूस. वर्लीनचं नाव गावाबाहेर गेलं नाही, आणि तिला त्याचं खरंच काही वाटत नव्हतं.

मग ओथाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि शनिवारी बदली पियानोवाला आला.

"मिस वर्लीन, पट्टी कुठली?"

"जी. दुसरी मला माहीत नाही."

पहिल्याच कडव्यात वरच्या सुराला आवाज फाटला. दुसऱ्या कडव्यातही तेच. लोकांनी प्रेमाने टाळ्या वाजवल्या, त्या तिला जास्त झोंबल्या. कार्यक्रम संपताच तिने क्लबच्या मालकाला सांगून टाकलं, "दुसरी गायिका बघा."

रविवारी चर्च सुटल्यावर ती तडक ओथाच्या ओसरीवर आली. तो एका डोळ्याला पट्टी बांधून शेंगा खात बसला होता.

"तुझ्या डोळ्याचं नंतर विचारते. माझा आवाज गेला, ओथा. मी गाणं सोडलं."

"कुठल्या पट्टीत गायलीस?"

"जीमध्ये! आणखी कुठल्या?"

ओथाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "वर्ली, जी सोडून तुला अठरा वर्षं झाली. हल्ली तू डीमध्ये गातेस."

"काय?"

"आवाज ओढायला लागला की मी अर्धा सूर खाली उतरायचो. दोनचार वर्षांनी आणखी अर्धा."

"मेल्या! आणि मी गावभर जी, जी करत फिरले! तुला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू तेव्हाच गाणं सोडलं असतंस," ओथा म्हणाला. "मग मी कुणासाठी वाजवलं असतं?"

वर्लीनला राग आला होता आणि रडूही आलं होतं, पण सगळ्यांत जास्त हायसं वाटलं होतं. तिने ओथापुढच्या शेंगा आपल्याकडे ओढल्या.

"मालकाला कळव, शनिवारी मी येतेय. आणि अजून खाली उतरायचं झालं तर खुशाल उतर."

"बरं."

"पण मला सांगू नकोस."