खांबावरचा ॲक्सेस पॉइंट

आमचं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर बायको म्हणाली, "माझ्या आईला तू सांग. मला नाही जमणार." मी हो म्हणालो, पण फोन केला नाही. सोमवारी सरळ कामावर गेलो.

तेव्हा आम्ही जर्मनीत एर्लांगेनला राहत होतो. काम होतं कालव्याकाठच्या एका कंटेनर यार्डात. तिथल्या क्रेनवाल्यांच्या टॅबलेटचं वायफाय सारखं तुटायचं, म्हणून उंच खांबावर नवा ॲक्सेस पॉइंट बसवायचा होता. सोबत एक जर्मन सहकारी, निवृत्तीला टेकलेला, कमी बोलणारा. लिफ्टच्या पाळण्यातून आम्ही दोघं वर गेलो. मी क्लॅम्प आवळले, अर्थिंगची तार जोडली, केबल आत शिरते तिथलं रबर पाणी जाऊ नये असं घट्ट बसवलं. माझी बोटं गारठली होती, हे त्याने हातमोजे पुढे केले तेव्हा मला कळलं.

मग लॅपटॉपवरून सेटिंग केलं. जवळपास त्याच लहरींवर हवामानाचं रडार चालू नाही ना, ते असलं यंत्र आधी ऐकत बसतं. खात्री पटेपर्यंत सिग्नल सोडत नाही. आम्हीही थांबलो.

"वीकेंड कसा गेला?" त्याने विचारलं.

"आमचं मूल गेलं," मी जर्मनमध्ये म्हणालो. "जन्माच्या आधीच."

वाक्य बरोबर होतं, जर्मनमध्ये लागतं तसं क्रियापद वाक्याच्या शेवटी पडलं होतं. मला तेवढंच जाणवलं.

तो खाली कंटेनरांकडे बघत राहिला. तेवढ्यात यंत्राचा दिवा हिरवा झाला. त्याने माझ्या हातातून लॅपटॉप काढून घेतला. "घरी जा. टेस्टिंग मी करतो."

घरी बायको सोफ्यावर पडून होती. मी तिच्यासमोरच सासूबाईंना फोन लावला. "आई," म्हणालो आणि पुढे काही येईना.

"दोन दिवस पोरीचा आवाज नाही," त्या म्हणाल्या. "गेलं का हो?"

"हो."

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का? बरं, तिला द्या फोन."

फोन कानाला लावताच बायको पहिल्यांदा मोठ्याने रडली. मला रडू आलं नाही. त्या अख्ख्या हिवाळ्यात आलं नाही. मी आत जाऊन मऊ भात लावला. तूप कुठे ठेवलंय ते सापडेना. विचारायला बाहेर आलो, तर ती आईला सांगत होती, "हो, तो आहे ना इथेच."

मी परत फिरलो. भात तसाच वाढला. तिने थोडा खाल्ला, मीही खाल्ला.