श्रीखंडाचे डबे

“माझं काही चुकलं होतं का हो? वर्षभर त्यांनी वाटीभर आमटीसुद्धा पाठवली नाही.”

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू मावशीला हळू आवाजात विचारत होत्या. आई जाऊन दहा दिवस झाले होते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मला ऐकू येत नसेल असं त्यांना वाटलं असावं. मावशी गावाहून आलेली, तिला यातलं काय माहीत? ती म्हणाली, “माझी बहीण मनात धरणाऱ्यातली नव्हती.” पण तिच्याही आवाजात खात्री नव्हती.

मला खरं कारण माहीत होतं.

आमच्या जुईनगरच्या घरात ओट्याखालचा एक कप्पा श्रीखंडाच्या आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांनी भरलेला असायचा. आई ते घासून, वाळवून, झाकणांसकट ठेवायची. अळूवड्या केल्या, वालाचं बिरडं केलं, की एक डबा समोर जायचाच. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चमचाभर साखर घालायची, ही आपल्याकडची रीत. काकू तुर्भ्याला कंपनीत नोकरीला, घरी यायला साडेसात वाजायचे. त्या कधी काय करून डबा भरणार? म्हणून आई दारातच सांगून टाकायची, “परत नको देऊस गं, प्लॅस्टिकचाच आहे.”

मागच्या वर्षी मी डब्यांच्या तळाशी असलेला, प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारा त्रिकोणातला आकडा वाचायला शिकले. एक म्हणजे पाण्याची बाटली, ती पुन्हा पुन्हा भरायची नाही. सहामध्ये गरम काही घालायचं नाही. पाच त्यातल्या त्यात बरा. आईच्या बहुतेक डब्यांवर पाचच होता. उकळती आमटी त्यातही ओतू नकोस, गार करून भर, एवढं सांगून मला थांबता आलं असतं. पण मला कप्पा रिकामा हवा होता. एका रविवारी मी सगळे डबे ओट्यावर उलटे मांडले आणि तिला एकेक आकडा वाचून दाखवला. इतर वेळी घरात फारसं न बोलणारी मी त्या दिवशी अर्धा तास बोलत होते. ती म्हणाली, “बरं. तू शिकलेली आहेस.” त्यात टोमणा नव्हता.

डबे भंगारवाल्याकडे गेले. मी वाशीहून स्टीलचे डबे आणले, वर आईचं नाव घालून घेतलं.

पहिला स्टीलचा डबा काकूंकडून पंधरा दिवसांनी परत आला. आत दुकानातले पेढे होते. काकू दारात उभ्या राहून उशिराबद्दल कितीतरी वेळ माफी मागत होत्या. त्या गेल्यावर आई म्हणाली, “तिला उगाच ओझं झालं.” त्यानंतर समोर काही गेलं नाही. आईनं लहान पातेलं काढलं आणि दोघींपुरतंच करू लागली. काकू चव सांगायला यायच्या, ती संध्याकाळची बेल वाजेनाशी झाली. मला घर शांत आवडतं, त्यामुळे ते मला खटकलंही नाही.

न्यूमोनियानं ती सहा दिवस हॉस्पिटलात होती. तिनं दोनदा विचारलं, समोरची येऊन गेली का गं? मी नाही म्हटलं. आई आपल्यावर रागावली आहे असं काकूंना वाटत होतं, म्हणून त्या आल्या नाहीत, हे मला चहा गाळताना कळलं.

मी ट्रे घेऊन बाहेर गेले. काकूंनी पटकन डोळे पुसले आणि विषय बदलला. मला कुणासमोर बोलायचं असलं की वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. या वेळी ते जुळेना. आईनं त्यांची वाट पाहिली होती, हे सांगायचं नाही, एवढंच मी ठरवलं. ते माझ्यापाशीच राहू दे. त्यांच्या हातात कप दिला आणि तिथेच उभी राहिले.

“काकू, तुमचं काही चुकलं नाही. आईचे डबे मी भंगारात दिले होते.”