काकांनी बिडी सोडली आणि तोंड उघडलं

आमच्या काकांएवढा शहाणा माणूस पांढुर्ण्यात दुसरा झाला नाही, असं सगळं गाव म्हणत असे. हे शहाणपण तेंदूच्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं असतं, हे मात्र घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. काका म्हणजे बाबांचे मावसभाऊ. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि घर आमच्या घराला लागून. कुणी काही विचारायला आला की काका कानावरची बिडी काढायचे, दोन बोटांत फिरवायचे, दाबून बघायचे, तिच्यात उगीच फुंकर मारायचे. मग आगपेटी शोधायचे. ती सापडली तरी आणखी थोडी शोधायचे. शेवटी एक लांब झुरका घेऊन छताकडे बघत बसायचे. तोवर विचारणाऱ्याला स्वतःचं उत्तर स्वतःच सुचलेलं असायचं. तो ते बोलून दाखवायचा, काका "हं" म्हणायचे, आणि काकांनी काय सल्ला दिला म्हणून तो गावभर सांगत सुटायचा. या एका "हं"वर काकांनी भावाभावांच्या वाटण्या केल्या, रुसलेल्या सुना नांदायला पाठवल्या आणि निम्म्या गावाच्या सोयरिकी जुळवल्या. त्या वर्षी राज्यांची फेरमांडणी चालली होती. आमचा मुलूख नागपूरबरोबर मुंबईकडे जाणार, की नागपूरला सोडून मध्यप्रदेशातच राहणार, यावरून चहाच्या दुकानात रोज बाह्या सरसावल्या जात. दोन्ही बाजूचे लोक काकांना विचारायचे, काका धूर सोडायचे, आणि दोन्ही बाजू खूश होऊन घरी जायच्या.

हे सोन्याचे दिवस काकूच्या दम्यामुळे संपले. थंडी पडली की काकूला रात्री आडवं होता यायचं नाही. भिंतीला उशी लावून, बसल्या बसल्या ती सकाळ करायची. त्या हिवाळ्यात ती फारच खचली, तेव्हा काका तिला नागपूरच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाला, "घरात दोन धुराडी आहेत. एक चूल, ती मागच्या पडवीत न्या. दुसरं धुराडं तुम्ही. दोन्ही चालू राहिली तर पुढच्या हिवाळ्याचं मी काही सांगू शकत नाही." परतीच्या गाडीत नरखेडच्या अलीकडे काकांनी बिडीचा कट्टा खिडकीतून बाहेर फेकला. तो फेकण्याआधी त्यातल्या किती ओढल्या याबद्दल काका आणि काकू यांच्या हकिगती शेवटपर्यंत जुळल्या नाहीत.

बायकोसाठी बिडी सोडली हे सांगण्याची अर्थातच सोय नव्हती. बाजारात काका सांगू लागले, "देश सुटला, म्हटलं आता आपणही सुटू." देशाला सुटायला बराच त्रास झाला असेल, पण काकांना झालेला त्रास आम्हाला भिंतीपलीकडून रोज ऐकू येत असे. कुणी बडीशेप सुचवली, कुणी लवंग, कुणी ज्येष्ठमध. काकांनी संत्री निवडली. संत्र्यांचे दिवस होते, आणि काका सकाळपासून सोलत बसायचे. कोटाच्या खिशात साली, गादीवर बिया, कापडाच्या ताग्यांना चिकट बोटांचे ठसे. एवढं करून हात पुन्हा कानावर जायचाच, आणि तिथे काही नाही म्हटल्यावर काका ज्याच्या त्याच्या अंगावर ओरडायचे. पुढे पुढे ते बिडी ओढणाऱ्या माणसाचा धूर वाऱ्याने येईल त्या बाजूला उभे राहायला शिकले. एका अनोळखी माणसाशी कपाशीच्या भावाबद्दल अतिशय प्रेमाने बोलत, त्याचा धूर खात ते बाजारापासून स्टेशनापर्यंत गेले, त्याच्यामागून गाडीत चढले आणि तिगावला उतरून पुढच्या गाडीने परत आले. काकूने कुठे होतात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "एक ओळखीचा माणूस भेटला होता."

पण खरा घात वेगळाच होता. बिडी गेली आणि बिडीबरोबर ती छताकडे बघायची वेळही गेली. आता प्रश्न आला की उत्तर लगेच बाहेर पडू लागलं, आणि काकांची उत्तरं इतकी खरी असतील असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. मोहगावच्या एका बाईने लुगडं हातात घेऊन विचारलं, "रंग जाईन का हो याचा?" पूर्वी या प्रश्नावर अर्धी बिडी जळायची आणि लुगडं विकलं जायचं. काका म्हणाले, "जाईन. दुसऱ्या धुण्यात जाईन." चहाच्या दुकानात नागपूरवाल्या पक्षाच्या पुढाऱ्याला ते म्हणाले, "तुले नागपूर काहाले पाहिजे ते मले मालूम आहे. तुही सासुरवाडी तिथं हाय." आणि त्याच्या विरुद्ध पक्षाचा माणूस हसू लागला तेव्हा त्याला म्हणाले, "अन् तुले भोपाळ पाहिजे, कारण तुही सासुरवाडी तिथून दूर पडते." गावात पहिल्यांदाच दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की काकांचं डोकं फिरलं, काका बह्याडले.

नेमकी त्याच दिवसांत माझ्या ताईची सोयरीक ठरायची होती. मुलगा सौंसरचा, नागपूरच्या सचिवालयात कारकून. वडील संत्र्याचे बागायतदार. स्थळ चांगलं होतं, ताईलाही मुलगा आवडला होता, पण मुलाच्या वडिलांचा रेडिओ मागण्याचा विचार आहे, अशी कुणकुण लागली होती. आमचे बाबा बोलण्यात इतके कच्चे, की समोरच्याने रेडिओ मागितला तर हे घाबरून सायकलही कबूल करतील. काकांशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि काका तर या अवस्थेत. तेव्हा बाबांना आयुष्यातली एकुलती एक युक्ती सुचली. ते म्हणाले, "तुम्ही ओढू नका हो. नुसती हातात धरा. फिरवा, दाबा, फुंकर मारा. तेवढा वेळ पुरतो." काका तयार झाले. काकूही बायकांच्या बाजूने घर बघायला म्हणून बरोबर आली, आणि मलाही घेतलं. बसमध्ये काका सारखे कोटाचा खिसा चाचपत होते आणि बाबा सारखे काकांना चाचपत होते.

बैठक सुरेख सुरू झाली. पानसुपारी फिरली, होणाऱ्या व्याह्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बाकी आमचं काही मागणं नाही. पण आपण कोण्या राज्यात गेलो हे ऐकाले घरात एक रेडिओ तर लागते ना." काकांनी उत्तर दाताखाली अडवल्याचं मला स्पष्ट दिसलं. त्यांनी खिशातून बिडी काढली, फिरवली, दाबली, फुंकर मारली. व्याही अस्वस्थ झाले. बाबांचा चेहरा उजळला. आता व्याही स्वतःच माघार घेणार, असं वाटत असताना त्यांनी खिशातून आगपेटी काढली, काडी ओढली आणि मोठ्या अदबीने काकांच्या पुढे धरली.

समोरच्याने पेटवून धरलेली काडी नाकारायची नाही, असा आमच्याकडचा रिवाज. कोर्टात भांडणारे लोकही बाहेर येऊन एका काडीवर दोन बिड्या पेटवतात. बाबांच्या युक्तीत काडी नव्हतीच. काका ज्योतीकडे बघत राहिले. ज्योत व्याह्यांच्या बोटांकडे सरकत होती. आतल्या दारात काकू उभी होती. काकांचा हात वर आला, बिडी ओठांपाशी गेली, आणि मग काकांनी ती खाली घेऊन काडी फुंकून विझवली.

सोयरिकीच्या बैठकीत पुढे केलेली ज्योत विझवणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. बाबांनी डोळे मिटून घेतले. काका म्हणाले, "माफ करा. हे पेटवली असती, तर आज रातभर ते बाई भिंतीले टेकून बसली असती. पंधरा दिवस झाले, ती राती आडवी होऊन झोपून राहिली. मी पाहून राहिलो ना रोज. एका बिडीपायी मी ते नाही मोडणार. तुमाले अपमान वाटत असन तर सोयरीक मोडा. अन् संत्री तुमची नागपूरलेच जाते, राज्य कुठंही जावो. त्याले रेडिओ काय करन?"

तेवढ्यात आतून, स्वयंपाकघराकडून, खोकल्याची उबळ ऐकू आली. ती बराच वेळ थांबेना. काकू दारातून वळून आत गेली. खोकत होती ती मुलाची आई. व्याह्यांनी जळकी काडी तबकात ठेवली, आगपेटी खिशात टाकली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "आमच्या घरीही रातभर बसूनच राहते." मग बाबांना म्हणाले, "लग्न उन्हाळ्यात करू. रेडिओचं राहू द्या."

लग्न झालं. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही होतो तिथेच राहिलो, आणि व्याह्यांना ते रेडिओवाचून कळलं. जावयाची बदली भोपाळला झाली आणि ताई तिकडे गेली. काकांकडे सल्ला मागायला मात्र कुणी फिरकेनासं झालं. खरं उत्तर मिळण्याचा धोका कोण पत्करणार?

काकू त्यानंतर बरेच हिवाळे जगली. ती गेली तेव्हा मी नोकरीनिमित्त बाहेरगावी होतो. दिवस झाल्यावर भेटायला आलो, तर काका ओट्यावर बसले होते. शेजारच्या कुणीतरी त्यांच्यापुढे बिडी केली, त्यांनी मान हलवली. तो माणूस गेल्यावर मी म्हटलं, "काका, आता ओढली एखादी तर कुणाला त्रास आहे?" ते म्हणाले, "मनच होत नाही रे." मग माझ्याकडे न बघता सांगू लागले, "तिची छाती वाजत होती तवा मले बरोबर झोप लागे. ती चांगली झोपाले लागली, अन् माही झोप गेली. आवाजच येत नाही म्हटल्यावर मी सारखा उठून पाहो, श्वास चालून राहिला का नाही." माझा हात धरून ते म्हणाले, "अजूनही उठतो ना मी. बिडी सुटली पोरा, हे नाही सुटून राहिलं."