पट्टे, आरसा आन् अप्पाचा वहिम

आमच्या चौकात किस्से नालीतल्या कचऱ्यावानी साचतेत. एक काढावा तर मागून चार वर येतेत! आज वळीनं सांगतो. शेवट काय झाला ते तुमी आधीच ओळखून दाखवा. न्हाई ओळखणार, लावा पैज!

हदगावकडच्या गाड्या आमच्या चौकात अशा वळतेत, जशी डायवरची सासुरवाडीच जवळ आली! कोपऱ्यावर अप्पाचं किराणा दुकान. घर बरोबर समोर, रस्त्यापल्याड. अप्पाची बायको आक्का रोज दुपारी डबा घेऊन रस्ता ओलांडायची. एक दिस मोटारसायकलवाल्यानं उडवलं. मनगट मोडलं. हात पलस्तरात, तरी डबा सुरूच!

आक्का मला म्हनली, "भाऊ, या चौकाचं कायतरी करा. दुसरा हात मोडला तर भाकरी कोन थापल?"

आमी दोघं-चौघं रस्त्याचं काम बगनाऱ्या हापिसात जाऊन ठाण मांडून बसलो. तिथून कामं निघाली.

*

पयले आले पांढरे पट्टे. मानसानं त्याच्यावरून चालावं म्हनून.

अप्पा दारात हुबा, डोळे बारीक करून. "हे मोजमाप कशाचं हाय?"

मी म्हनलं, "रस्ता रुंद करायचा असंल. पट्टे तुमच्या पायरीपाशीच थांबलेत, बगा."

झालं! दुसऱ्या दिशी पट्टे गायब, आन् अप्पाच्या हाताला रॉकेलचा वास. इचारलं तर म्हनतो, "चोरानं नेले असतील!"

*

मंग ब्रेकर. रशीदभाई न्हावी म्हनला, "मेरे सामने नक्को! ट्रक उडला की वस्तरा गिऱ्हाइकाच्या नाकावर!"

अप्पाला वहिम, रशीदभाईनं वशिला लावून ब्रेकर आपल्या दारात ढकलला. अप्पानं बी वशिला लावून पुढं ढकलला. त्याच्या पुढच्यानं आनखी पुढं. ढकलत ढकलत ब्रेकर गेला स्मशानाच्या फाटकापाशी.

आता मयत बी हळू जाती!

*

वळणावर गोल आरसा लावला. पलीकडून येनारी गाडी दिसावी म्हनून.

अप्पा माझ्या कानात म्हनला, "क्यामेरा हाय. फुटपाथवरचा माझा माल बगून राहिले." आन् आरशावर सोयाबीनचं पोतं चढवलं.

"अप्पा, त्याच्यात तर तुमचंच तोंड दिसतंय!"

"हाव, तेच तर! माझं तोंड तिकडं हापिसात दिसून राहिलं!"

*

मंग विष्णुपुरीकडून इंजिनेरी शिकनारी पोरं-पोरी आली. रस्ता किती लोक ओलांडतेत ते इचारायला. एका पोरीनं लई गोड इचारलं, "तुम्ही दिवसातून किती वेळा रोड क्रॉस करता?"

अप्पा हळूच म्हनला, "सांगू नका. ओलांडल्याचा दंड लावनार हायेत!"

बस! समदा चौक सावध.

रशीदभाई म्हनला, "मैं तो उधर कभी गयाच नै!"

मी म्हनलं, "पल्याड काय हाय, आपल्याला ठाव बी न्हाई."

तेवढ्यात आक्का आली. एक हात पलस्तरात, दुसऱ्यात डबा, बरोबर रस्त्याच्या मधी. पोरीनं तिकडं बोट केलं, "आणि या आजी?"

अप्पा वरडला, "ती ओलांडत न्हाई! ती तिथंच हुबी असती!"

*

पोरांनी लिहून नेलेलं हापिसात पोचलं, आन् उन्हाळ्यात तिथून खुलासा आला. या चौकात कोनी रस्ता ओलांडतच न्हाई. मंग काय! रस्त्याच्या मधून छातीइतकी भिंत बांधली, वर जाळी, मधी कुठंच फट न्हाई. पल्याड जायाचं तर थेट पुढच्या नाक्यावरून फिरून.

पयल्या दिशी दुपार झाली. अप्पा वाट बगतोय. पल्याड ओट्यावर आक्का निवांत बसलेली. तिथूनच हाक मारली, "अवं, आता मला कोनी उडवत न्हाई! भाकर गरम हाय, तुमीच या जेवायला!"

अप्पानं भिंतीकडं बगितलं. माझ्याकडं बगितलं. रिक्षाला हात केला.

"कुठं, अप्पा?"

"समोर."

"शंभर होतील."

"आरं, घर इथून दिसून राहिलं की!"

रिक्षावाला म्हनला, "दिसायचे पैशे घेत न्हाई. जायाचे शंभर, आन् यायाचे येगळे."