नकाशात नसलेला ओढा

ऐन उन्हाळ्यात आज सकाळी माझ्या दारासमोरच्या कोरड्या फरशीवर खेकडा दिसला. तिरपा चालत तो उंबऱ्याकडेच येत होता. वॉचमन म्हणाला, "शेठ, वाट चुकलाय." मला तसं वाटलं नाही. आमच्या कुंपणामागे ओढा होता. मुरूम टाकून तो बुजवला आणि आता तिथे इमारत उभी राहतेय.

नगरपालिकेनं विकास आराखडा भिंतीवर लावला, तेव्हा आम्ही सगळे बोट फिरवत आपापला प्लॉट शोधत होतो. माझ्या जागेवरून रस्ता जात नाही एवढं पाहून मी पेढे वाटले. ओढ्याची निळी रेघ गायब आहे, हे कुणी पाहिलंच नाही. परवा नगररचनेच्या साहेबांशी कडाकडा भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "काका, नकाशात ओढा दाखवा. आणि हरकतींची मुदत कधीच संपली."

हे घर मी घासाघिशीवर उभं केलं. समोरचा कितीही ताठ असो, थोडा तरी वाकतोच. पावसाळ्यात येणाऱ्या पाण्याशी मात्र कुठल्या तोंडानं बोलणार?

खेकड्याला मी दोनदा कुंपणापाशी नेऊन सोडलं. दोन्ही वेळा तो परत आला. शेवटी मी दार लावून घेतलं. दाराखालची फट आज पहिल्यांदाच मोठी वाटली.