राख कसल्या लाकडाची?

आज सकाळपासून ऊन धुरकट आहे. वारा पडलाय, दोरीवरचे कपडेसुद्धा हलत नाहीत.

आमच्या सोसायटीचा खताचा खड्डा मी सांभाळतो. शाळा मला नाही, पण राख कळते. ओल्या कचऱ्याच्या थरावर मूठभर राख टाकली की वास मरतो, माश्या बसत नाहीत. म्हणून लोक मला राख आणून देतात, आणि राखेबरोबर किस्सेही. चिमूट चिमूट जमतं, एक दिवस डबा भरतो.

*

पहिला किस्सा आमच्या हिचा. गावात चूल होती तेव्हाचा. वांग्यावर माव्याची कीड पडली की ही सकाळच्या दवात पानांवर राख भुरभुरायची. एकदा मी घमेलंभर ओतली. ही म्हणाली, "अवो, जेवनान मीठ जवरा, तवरीच झाराला राख." म्हणजे झाडाला राख चिमूटभरच.

आणखी एक सांगायची. राख कुणीही देवो, कसल्या लाकडाची ते आधी विचारायचं. रंगवलेलं लाकूड नाहीतर प्लायवूड असलं तर परत करायची.

ती जाऊन तीन वर्षं झाली. गेटजवळचं जांभूळ तिचं. बिल्डिंग नवी होती तेव्हा तिनं जांभूळ खाऊन टाकलेली बी, तीच उगवली.

*

शेजारच्या जाधव वहिनी लातूरकडच्या. एकदा कुंडी घेऊनच आल्या. "बाबा, मोगऱ्यानं मान टाकली. चांगली म्हणून डबाभर राख घातली होती."

मी म्हणालो, "वहिनी, पोरगा लाडका म्हणून आठवड्याचं जेवण एका वेळी भरवता का?"

"भरवते ना. म्हणून तर तो असा झालाय."

*

तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी सीवूड्सला ऑफिसात जातात. त्यांनी राख चक्क ऑनलाइन मागवली. पाकिटावर चुलीचं चित्र.

"काका, एकदम प्युअर."

"कसल्या लाकडाची?"

त्यांनी पाकीट चारी बाजूंनी वाचलं. मग हळूच म्हणाले, "एक्स्पायरी लिहिलीय. लाकूड नाही लिहिलेलं."

*

सेक्रेटरी साहेबांची गाडी पांढरी. ती उभी जांभळाखाली. मोसमात टपावर जांभळं पडायची, डाग पडायचे. मी रोज उजाडताना ओल्या फडक्यानं टप पुसून ठेवायचो. त्यांना वाटायचं, वॉचमन पुसतो.

एकदा मला म्हणाले, "काका, या झाडाचं काहीतरी करायला पाहिजे."

मी म्हणालो, "गाडी पलीकडे लावा ना साहेब."

"पलीकडे ऊन असतं."

*

गेल्या वर्षी होळीची राख जाधव वहिनींनी हौसेनं गोणी भरून आणली. मी हात घातला तर खिळे, बिजागरी, कुणाच्या तरी कपाटाचं प्लायवूड. मी म्हणालो, "वहिनी, ही नको."

दोन जिने गोणी परत उतरवली त्यांनी. "बाबा, तुम्ही राखेचं पण स्थळ बघता," म्हणाल्या. पण रागावल्या नाहीत.

*

यंदा थंडीत सोसायटीची मीटिंग झाली. पहिला विषय खताचा खड्डा. साहेबांनी माझं नाव घेतलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला उभं केलं.

मी उभाच होतो तेवढ्यात दुसरा विषय निघाला. जांभळाची मुळं पाण्याच्या टाकीत शिरतात, झाड काढायचं, परवानगीचा कागद आलाय.

मी म्हणालो, "मुळं मी खणून बाजूला करतो. थोडे दिवस द्या."

साहेब म्हणाले, "काका, या वयात कशाला टेन्शन घेता? बसा तुम्ही."

मी बसलो.

दुसऱ्याच दिवशी दुपारपर्यंत झाड पडलं. ओंडके भिंतीशी रचून ठेवले. मला वाटलं, टेम्पो येऊन नेईल. टेम्पो आला नाही.

*

काल होळी होती. मी खाली उतरलो नाही.

आज सकाळी दार वाजलं. जाधव वहिनी. हातात गोणी, कपाळाला घाम. गोणी दारात टेकवली तेव्हा पायाला ऊब लागली. राख अजून कोमट होती, पांढरी, पिठासारखी मऊ. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या,

"विचारू नका बाबा, यंदा मी उभी राहून बघितलंय. एक खिळा नाही, प्लायवूड नाही. सगळी आपल्या जांभळाची."