माडीवर प्लायवुड बसवलं तेव्हा

बायको जाऊन वर्ष होत आलं. लोक भेटायला येतात, तिच्या हातच्या भाकरीचं बोलतात. मला माडीवरची जमीन आठवते.

साठ सालानंतरची गोष्ट. नंदुरबारला आमची खाली एक खोली आणि वर माडी. मी मिरचीच्या वखारीत कामाला. माडीच्या जुन्या फळ्या वाळवीने खाल्ल्या, म्हणून सुरतेहून भुसा दाबून केलेल्या फळ्या आणल्या. आता त्याला चिपबोर्ड म्हणतात. तेव्हा गल्लीत कुणी पाहिल्या नव्हत्या. माडी पेलणाऱ्या लाकडी कड्यांवर खिळ्यांनी ठोकल्या आणि कामावर गेलो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. सणाला सगळं घर सारवायचं, मग माडी कशाला सोडायची? तिने शेण कालवून कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत हात फिरवला. दुसऱ्या दिवशी फळ्यांच्या कडा फुगून वर आल्या.

मी शेजारणीदेखत ओरडलो, "तुले अक्कल शे का नई?"

"जमीन शे ना? मंग जमीन सारवतस," ती म्हणाली. अंथरूण गुंडाळून खाली गेली. "मी वर नई येवाव."

आठ दिवस ती खाली, मी वर. जेवायला वाढायची, बोलायची नाही. वखारीतही माझं लक्ष लागेना.

ओळखीच्या म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्याने फळीवर टाच दाबून पाहिली.

"पानी लागू देवानं नई, हाई तिले सांगेल व्हतं का?"

मी फुगलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"मंग तिले कसाले बोलनात?"

त्याने सांगितलं तसं केलं. फळ्या चांगल्या वाळू दिल्या, फुगलेल्या कडा रंध्याने उतरवल्या. वर प्लायवुडचे तक्ते आडवे टाकले. खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही, दोन तक्त्यांत काडेपेटीच्या काडीएवढी फट ठेवायची. स्क्रू मात्र खालच्या लाकडी कडीतच गेला पाहिजे. कडी तर झाकून गेलेली. मी अंदाजाने पिळत होतो.

तेवढ्यात खालून ठक ठक. जिन्यातून वाकून पाहिलं. ती चुलीपुढून उठली होती, हातात काठी. माझ्या स्क्रूचं टोक कडीच्या बाजूने खाली निघालं होतं.

"चार बोटं भितकडे सरका. आंधळासारखं काय पिळी ऱ्हायनात?"

आठ दिवसांनी बोलली, तीही शिवी घालावी तशी. मला बरं वाटलं. मग ती खालून कडीवर काठी आपटायची आणि आवाज येईल तिथे मी स्क्रू पिळायचो. दुपारपर्यंत माडी होत आली.

"वर ये, पाही ले."

"पयले सांगा, पानी चालस का हाईले?"

"पिळेल फडकं फिरवानं. मीच तुले सांगं नई. मन्ही चुकी."

"आते सुचनं," म्हणत ती वर आली. प्रत्येक सांध्यावर उभी राहून टाच दाबत गेली. खिडकीजवळ एक तक्ता करकरला. मी स्क्रू घेऊन येतो तोवर ती तिथेच पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली.

"सरक."

"सरकत नई."

मग तिच्या कडेकडेनेच मी ते दोन स्क्रू पिळले.